खोत हे नुसते आडनाव नव्हे

गेल्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात एका कार्यकर्त्याच्या घरी आमचा मुक्काम होता. जेवणे झाली होती. त्यांची दहावीतली मुलगी ओसरीवर बसून समाजशास्त्र पाठ करीत होती. जमीन, पाणी, जंगल, खनिजे ही साधनसंपत्ती, ती सर्वांची, ती जपून वापरावी. बाप शेजारीच दोरखंड वळत बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, "सगळ्याइची म्हंजे नेमकी कोनाची, बाई?" पोरगी म्हणाली, "बाबा, ते परीक्षेत विचारत नाहीत."

आम्ही तिला सहज विचारले, रत्नागिरी जिल्ह्याबद्दल काय ठाऊक आहे? लोकमान्य टिळकांचा जन्म, हापूस आंबा आणि पुष्कळ पाऊस, तिने धडाधड सांगितले. हुशार मुलगी आहे. मग विचारले, खोत म्हणजे कोण? ती हसून म्हणाली, "आमच्या वर्गात एक खोत आहे."

यात मुलीचा काही दोष नाही. भूगोलाचे ४० मार्क वेगळे, इतिहास आणि राज्यशास्त्राचे ४० वेगळे. जमीन एका पुस्तकात, ती जमीन कोणी कोणाकडून घेतली ते दुसऱ्या पुस्तकात, आणि ती परत मिळवण्याची वाट कोणती ते त्याच पुस्तकाच्या मागच्या भागात. या तिन्हींची गाठ एकाच गावात, एकाच बांधावर पडते, हे कोणत्याच पेपरात येत नाही. रत्नागिरीत ती कशी पडली ते आज सांगायचे आहे. कापूस-ज्वारीवाल्यांना भाताच्या मुलखाशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. थोडा धीर धरावा.

कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत असे. गावाचा ठरलेला महसूल त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून स्वतः वसूल करायचा. हा हक्क वंशपरंपरेने चाले. वाटे पाडताना भाई-भाईंत खोतीचेही वाटे पडत, आणि एकेका गावाला अनेक खोत होत. सरकारला देणे ठरलेले. कुळाकडून घेणे मात्र पिकाच्या हिश्शाने. भाताचा निम्मा आणि डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा, अशी साधारण रीत होती. शिवाय खोताच्या घरी वेठ. पेरायचे कुळाने, चिखलात उभे राहायचे कुळाने आणि निम्मे धान्य जायचे खोताच्या अंगणात. पाऊस तिथे आपल्या तिप्पट-चौपट पडतो. म्हणून तिथला कुणबी आपल्यापेक्षा सुखी असेल असे वाटते ना? तो पोट भरायला मुंबईच्या गिरण्यांत गेला. उपाशी राहायला दुष्काळच लागतो असे नाही. पीक कोणाच्या दारात उतरते त्यावरही ते ठरते.

इंग्रज सरकारने हे मोडले का? मोडले नाही, कागदावर बसवले. १८७५ साली सुप्याला आणि पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा झाला. लगेच पुढच्या वर्षी, १८८० साली, खोतीचा कायदा झाला. त्यात काही जुन्या कुळांना ताब्याचे संरक्षण मिळाले, पण खोती कायम राहिली. खोत आता रिवाजाने नव्हे, कायद्याने खोत झाला. घाटावर वह्या जळल्या म्हणून सरकार जागे झाले आणि कोकणात कोणी जाळले नाही म्हणून निजले, असे आमचे मत. कोणी इतिहासाचे मास्तर वेगळे सांगतील तर ऐकू.

इथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. टिळकांच्या घराण्याकडे दापोली तालुक्यातल्या चिखलगावची खोती होती. खोतीच्या कायद्याचा प्रश्न आला तेव्हा 'केसरी'ने खोतांची बाजू घेतली. म्हणून टिळक लहान होत नाहीत. मंडालेची सहा वर्षे कोणी पुसू शकत नाही. पण परक्या राज्याविरुद्ध लढणारा माणूस कुळाच्या अंगणात उभा राहिला की त्याला वेगळे दिसू शकते, एवढे मुलांना कळायला हरकत नसावी. पुढाऱ्यांचे फोटो भिंतीवर लावताना आपल्यालाही ते कळलेले बरे.

मोडायला सुरुवात केली ती कुळांनीच. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावाने आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ साली संप केला. शेतकऱ्याचा संप! खोताची जमीन कसायचीच नाही. असा संप जवळजवळ सहा वर्षे चालला. लाकूडफाटा विकून, मासे मारून घरे चालवली. आपण एका हंगामाचा कापूस घरात धरून ठेवायचा म्हटले तर दिवाळीच्या आत हात टेकतो. त्यांनी सहा हंगाम काढले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला गेले. त्यांचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले. खोती त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडावा, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांत अस्पृश्य मानलेले होते, कुणबी होते, आगरी होते. विधेयक पास झाले नाही. त्या वेळी पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते बाळासाहेब खेर. तेही जन्माने रत्नागिरीचेच.

आणि आता गंमत पाहा. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली, आणि तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते! माणूस तोच, पक्ष तोच. मधल्या बारा वर्षांत काय बदलले? सर्वांना मत मिळाले म्हणून, असे म्हणावे तर पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. तोपर्यंत मत होते ते कर, महसूल, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच. म्हणजे कुळांपैकी कित्येकांनी एकदाही मत दिले नव्हते, तरी कायदा झाला. संप झाला होता, मोर्चा झाला होता, विधेयक एकदा पडून दप्तरात राहिले होते, आणि उद्या ही सगळी माणसे मत देणार हे दिसू लागले होते. नागरिकशास्त्राच्या धड्यात लोकशाही निवडणुकीपासून सुरू होते. रत्नागिरीत ती भात न पेरण्यापासून सुरू झाली.

कायदा झाला म्हणून सातबारा आपोआप झाला नाही, हेही खरे. त्याच्या आगेमागे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन आला. नोंद लावून घेणारा सुटला. मुंबईला गिरणीत असलेल्याचे नाव कैकदा राहून गेले.

आता आपल्याकडे वळू. १९७१ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा असे ठरले. रान आपले, बियाणे आपले, वेचणी आपली. विकायचा कोणाला ते सरकार सांगणार. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी हद्दीवर गाड्या अडवल्या जायच्या, आणि आपलाच कापूस नेणारा शेतकरी चोर ठरायचा. हा खोत नव्हता, हे मान्य. त्याने वेठ घेतली नाही आणि काही वर्षी भावाचा आधारही दिला. पण पीक ठरावीक अंगणातच उतरवा, हा हुकूम ओळखीचा आहे. हा कायदाही निवडून आलेल्या सभागृहानेच केला होता. खासगी खरेदीला वाट मोकळी झाली ती २००२ नंतर. घरातल्या दहावीच्या मुलाला विचारून पाहा, त्याला हे ठाऊक आहे का. त्याच्या आजोबाला मात्र हद्दीवरचा नाका ठाऊक असतो.

रत्नागिरीतही धडा संपलेला नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी माती तपासायला यंत्रे आली आणि गावकरी, बायाबापड्यांसकट, आडवे झाले. सरकारच्या लेखी तो उजाड कातळ. गावाच्या लेखी गुरांचे गवत आणि विहिरींना पाणी पुरवणारा डोक्यावरचा दगड. कारखाना यावा की येऊ नये यावर आमच्या वाचकांत दोन मते असतील, आमच्या मंडळातही आहेत. पण पडीक हा शब्द कोणी लिहायचा, हा प्रश्न त्या ओसरीवरच्या बापाचाच आहे.

तेव्हा येत्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या घरी आठवी ते दहावीची मुले आहेत त्यांनी मुलांना आणि त्यांच्या पुस्तकांना बरोबर आणावे. साधनसंपत्तीचा एक धडा मुलांनी मोठ्याने वाचावा. ज्यांच्याकडे जुने फेरफार, कूळकायद्याच्या नोंदी किंवा कापूस केंद्राच्या पावत्या असतील त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणाव्यात, मूळ कागद कोणाच्या हाती सोडू नयेत. ज्यांनी हद्दीपलीकडे गाड्या नेल्या त्या म्हाताऱ्यांना पहिल्या रांगेत बसवावे. भाषणे दुपारी होतील; सकाळचा वेळ याला ठेवला आहे.