रिपोर्ट म्हणजे तावीज नव्हे

१९५६ साली नागपूरला आपल्या आयाबायांनी गंडेदोरे तोडून फेकले. त्यांच्याच लेकीसुना आज लॅबचा कागद तावीजासारखा उशाशी जपताना दिसतात, तेव्हा लिहिणे भाग पडते.

आमच्या एका मावशींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला. (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निराळा, आपल्याकडे दोन्हींना एकच नाव देतात.) पिशवी काढली, शेक द्यावे लागले नाहीत. पुढे कुणीतरी सांगितले म्हणून त्या दर तीन महिन्यांनी खासगी लॅबमध्ये 'सीए-१२५' ही रक्ततपासणी करू लागल्या. आकडा ३५ च्या आत आला की घर निर्धास्त. एकदा तो वाढला. कानातले गहाण पडले, सीटी स्कॅन झाला, काही निघाले नाही. पुढच्या वर्षी आकडा चांगला होता, पण अंगावरून लाल जात होते. मावशी चार महिने गप्प राहिल्या. का? तर "रिपोर्ट नॉर्मल आहे ना!" अखेर डॉक्टरीणबाईंनी आतून तपासले तेव्हा योनीच्या वरच्या टोकाला गाठ परतलेली होती.

हे 'सीए-१२५' आहे तरी काय? ते रक्तात सापडणारे एक प्रथिन. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कॅन्सरवर काम करताना ते शोधले. पण ते पोटाच्या टीबीतही वाढते, यकृताच्या आजारात वाढते, आणि पाळी चालू असलेल्या निरोगी बाईतही वाढू शकते. टीबी तर आपल्या वस्त्यांचा जुना सोबती! उलट परतलेली गाठ लहान असेल तर आकडा जागचा हलतही नाही. इटलीतील डॉक्टरांच्या पुढाकाराने अठराशेहून अधिक रुग्ण स्त्रियांवर 'टोटेम' नावाचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जादा तपासण्या केलेल्या स्त्रिया साध्या तपासणीवर असलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत.

म्हणून तपासणी टाकाऊ ठरत नाही. कॅन्सर 'सीरस' जातीचा असेल, पसरलेला असेल, किंवा ऑपरेशनआधीच आकडा वाढलेला असेल तर डॉक्टर ती सांगतात आणि ती करावी. पण सरसकट प्रत्येकीला ती का विकली जाते? कारण रक्ताची बाटली विकता येते. बाईला आत घेऊन, पडदा ओढून, दहा मिनिटे विचारपूस करण्यात कुणाचा धंदा होत नाही. त्या दहा मिनिटांसाठी आपल्या बाईला दिवसाची मजुरी बुडवून ओपीडीच्या रांगेत उभे राहावे लागते, ते वेगळेच.

आपणही कमी दोषी नाही. जयंतीच्या आरोग्य शिबिरात रक्त काढायला टेबल असते; पण आडोशाला बसवून "बाई, लाल जातंय का, ओटीपोट दुखतं का, पाय सुजतो का, वजन उतरलं का, खोकला हटत नाही का?" असे विचारणारी कार्यकर्ती नसते. हा आजार परतायचाच तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत परततो. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी आतून तपासून घ्यायचे असते. मधल्या काळात लाल दिसले तर तारखेची वाट न पाहता जायचे.

मावशींना आधी शेक दिलेले नव्हते, म्हणून ते आता देता आले आणि गाठ गेली. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. सून सोबत जाणार आहे, तिने तशी रजा टाकली आहे.