वॉटांचा मोह

बारावीची परीक्षा संपली, किंवा नोकरीस लागलेल्या तरुणाच्या हाती महिनाअखेरीस चार पैसे शिल्लक राहू लागले, की अलीकडे मुंबई-पुण्याच्याच नव्हे, सांगली-नाशिकच्या घरांतही इलेक्ट्रिक गिटार येते, आणि तिच्या पाठोपाठ, जवळपास तिच्याइतक्याच खर्चाचा, परंतु तिच्या मानाने फारच अल्प विचाराने घेतलेला ॲम्प्लिफायर येतो. गिटार घेताना चार जाणत्यांचा सल्ला घेणारी माणसे ॲम्प घेताना मात्र दुकानात उभ्या उभ्या, खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा आणि खिशातील रक्कम यांचा मेळ घालून मोकळी होतात. आणि ज्याचा आकडा मोठा तो सरस, या समजुतीपायी घरी आणलेला तो अवजड ठोकळा पुढील दोन वर्षे पलंगाशेजारी, आवाजाची कळ शून्याच्या जेमतेम पुढे ठेवून, वाजविला जातो. ही समजूत मुळातच चुकीची आहे. ती कुटुंबाच्या जमाखर्चाला जड जाते आणि शिकणाऱ्याच्या वादनालाही मारक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम आकड्याचाच हिशेब पाहू. वॉट आणि कानाला जाणवणारा आवाज यांचा संबंध त्रैराशिकाचा नाही. शक्ती दुप्पट केली, म्हणजे ५० वॉटच्या जागी १०० वॉट आणले, तर आवाजात भर पडते ती अवघ्या ३ डेसिबलची, आणि ही भर लक्षपूर्वक ऐकणाऱ्याच्या ध्यानात यावी एवढीच असते. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा भासावयाचा, तर सुमारे १० डेसिबलची वाढ लागते, आणि तेवढ्यासाठी शक्ती दसपट करावी लागते. सबब १०० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या ॲम्पपेक्षा सुमारे दुप्पटच मोठा वाजतो, आणि तोही उरलेल्या सर्व बाबी समान असतील तर. त्या समान नसतात. एक वॉट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, यावर त्याची क्षमता मोजतात. बारा इंची चांगल्या गिटार-स्पीकरांत हा आकडा ९७ ते १०० च्या घरात असतो, हलक्या आणि लहान स्पीकरांत तो पुष्कळ खाली येतो. येथे ३ डेसिबलचा फरक पडला तर तो वॉट दुप्पट केल्याच्या तोलाचा ठरतो. असे असून खोक्यावर वॉट ठळक अक्षरांत छापलेले असतात आणि स्पीकरचा हा आकडा क्वचितच आढळतो, म्हणून ग्राहकाने तो मागून घेतला पाहिजे.

आता रियाजाच्या खोलीत येऊ. ती बहुधा दहा बाय बारा फुटांची असते; भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे देवघर, आणि खालच्या मजल्यावर कोणी वृद्ध गृहस्थ दुपारची वामकुक्षी घेत असतात. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी विभागात दिवसा ५५ डेसिबलची, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ५५ डेसिबल म्हणजे जवळजवळ आपल्या साध्या संभाषणाचा आवाज. वर सांगितलेला चांगला स्पीकर एका वॉटवरच मीटरभर अंतरावर ९७ डेसिबल देत असेल, तर अशा खोलीत शंभर वॉटचे प्रयोजन काय, हे निराळे सांगावयास नको. शंभर वॉटच्या ॲम्पची मुख्य कळ घरात हाताळून पाहावी: शून्यापासून ती केसभर सरकवेपर्यंत काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आणि त्यापुढे आणखी केसभर सरकवताच खिडकीची तावदाने थरथरू लागतात, या दोन बिंदूंच्या मध्ये, जेथे शिकणाऱ्याने आपल्या उजव्या हाताचा हलका-जड आघात ऐकून ऐकून सुधारावयाचा, तेथे त्या कळीला जागाच नसते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात काचनळ्यांच्या, ॲम्पची तर गोष्ट आणखी वेगळी. त्याचा तो भारावलेला, किंचित फाटलेला मधुर स्वर त्याचे व्हॉल्व्ह आपल्या शक्तीच्या शिगेला पोहोचतात तेव्हाच निघतो, आणि घरात तो क्षण मोठ्या ॲम्पच्या वाट्याला कधीच येत नाही. १९४० च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी विद्यार्थ्यांसाठी जो लहानसा ॲम्प बनविला आणि जो पुढे चॅम्प या नावाने प्रसिद्धी पावला, तो पाच वॉटांच्या आसपासचा होता, आणि ध्वनिमुद्रण-कक्षांतून मोठमोठ्या वादकांनी तो आवडीने वापरला.

मग रंगमंचाचे काय, असा प्रश्न वाचक विचारील, आणि तो रास्त आहे. कारण वॉटांचा मोह मुळात रंगमंचापायीच उत्पन्न झाला. १९६५ साली १५ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर श्रोत्यांपुढे बीटल्स उभे राहिले, तेव्हा व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी १०० वॉटचे ॲम्प दिले होते, आणि तरीही श्रोत्यांच्या कल्लोळात वादकांना स्वतःचेच वादन धड ऐकू आले नाही. त्या काळी सभागृहाची ध्वनियोजना गायकाच्या आवाजापुरतीच आणि तीही दुबळी असे. गिटारने सभागृह भरावयाचे तर ते गिटारवादकाच्या ॲम्पनेच भरावयास हवे होते. लंडनमधील हॅनवेल येथे दुकान चालविणारे जिम मार्शल यांनी १९६५ च्या सुमारास 'द हू' या वाद्यवृंदाच्या आग्रहावरून शंभर वॉटचे ॲम्प आणि त्यांखाली माणसाच्या उंचीचे स्पीकरचे मनोरे उभे केले, ते या गरजेतून. ती गरज खरी होती. परंतु त्यानंतर ध्वनियोजनेचे शास्त्र एवढे पुढे गेले, की आज तालुक्याच्या गावच्या गणेशोत्सवातही साऊंडवाल्याकडे मिक्सर, मॉनिटर आणि हजारो वॉटची यंत्रणा असते. मनोऱ्यांचे छायाचित्र मात्र तरुणांच्या भिंतीवर तसेच राहिले, आणि ज्या अडचणीवर ते उत्तर होते ती अडचण नाहीशी झाल्याचे कोणी त्यांना सांगितले नाही.

एखाद्या महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात पडदा उघडण्यापूर्वी तासभर जाऊन बसावे. जाणता साऊंडवाला गिटारवाल्याचा लहानसा ॲम्प खुर्चीवर किंवा रिकाम्या खोक्यावर चढवितो, त्याच्या जाळीवर बोटे फिरवून स्पीकरचा मध्य अजमावितो, शुअर कंपनीचा एस.एम. ५७ हा माइक जाळीला जवळजवळ टेकवून मध्यापासून दोन बोटे बाजूला वळवितो, आणि मग मिक्सरकडे जाऊन वादकाला एक कॉर्ड वाजवावयास सांगतो. हा माइकही १९६५ सालचाच. त्या क्षणापासून सभागृहातील शेवटच्या रांगेला आवाज पोहोचविण्याचे काम त्या ॲम्पचे राहत नाही. वादकाला आणि त्याच्या ढोलकऱ्याला, म्हणजे ड्रमवाल्याला, ऐकू यावे एवढेच त्याचे कर्तव्य उरते. तेही हलके नव्हे, कारण ड्रम जोरात वाजू लागले की त्यांचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. परंतु त्याला पंधरा वॉटचा व्हॉल्व्ह-ॲम्प किंवा पन्नास वॉटचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प, बारा इंची स्पीकरसह, पुरून उरतो.

यावरून माझी शिफारस सरळ आहे. ज्याला केवळ घरी वाजवावयाचे आहे त्याने दहा-वीस वॉटचा, आठ किंवा दहा इंची स्पीकरचा आणि हेडफोनची सोय असलेला ॲम्प घ्यावा. पाच-सहा इंची स्पीकरच्या खेळण्यांवर पैसे घालवू नयेत, कारण गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते आणि तो मंद्र स्वर लहानशा पेटीत गुदमरतो. ज्याला वर्षातून चार-सहा कार्यक्रमही करावयाचे आहेत त्याने बारा इंची स्पीकरचा पन्नास वॉटच्या आतबाहेरचा एकच ॲम्प घ्यावा आणि त्याची शक्ती घरासाठी उतरविता येते याची खातरजमा करावी. बॉस कंपनीच्या कटाना ५० मध्ये ५०, २५ आणि अर्धा वॉट अशा तीन पायऱ्या त्यासाठीच ठेवल्या आहेत. मागच्या बाजूस मिक्सरकडे थेट लीड नेण्याचे छिद्र असले तर उत्तम. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा स्वर मला अतिशय प्रिय आहे, तरी पहिला ॲम्प म्हणून मी तो कोणास घ्या म्हणणार नाही: तो वजनाने भारी असतो, व्हॉल्व्ह झिजतात, आज ते मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथूनच येतात, आणि दुरुस्ती जाणणारे कारागीर आपल्याकडे थोडे. रोलंडचा १९७५ सालचा जॅझ कोरस १२० हा ट्रान्झिस्टरचाच ॲम्प आहे, आणि त्याच्या स्वच्छ स्वराला अद्याप जगभर मान आहे.

घरच्या म्युझिक सिस्टिमला किंवा मंडळाच्या आहुजाच्या ॲम्प्लिफायरला गिटार जोडून काम भागेल काय, असे पुष्कळ पालक विचारतात. हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजविणाऱ्या मागच्या पिढीतील कलावंतांचे अशा यंत्रांवर भागत असे, कारण त्यांचा स्वर निर्मळ असे. परंतु डिस्टॉर्शन, म्हणजे स्वर मुद्दाम फाडणारा परिणाम, लावलेली गिटार तेथे जोडताच कर्कश होते. गिटारचा स्पीकर सुमारे ५००० कंपनांच्या वरचे ध्वनी स्वतःच गाळून टाकतो, आणि हे गाळणे गिटारच्या परिचित स्वराचा एक घटक आहे; सर्वसाधारण स्पीकर ते गाळीत नाही. गिटारचा प्रोसेसर, म्हणजे ॲम्पच्या स्वरांची नक्कल करणारे यंत्र, वापरणाऱ्याने त्यातील स्पीकरच्या नकलेची सोय चालू ठेवली, तर मात्र हेडफोनवर किंवा थेट मिक्सरवर उत्तम काम होते, आणि ज्याची ऐपत एकाच वस्तूची आहे त्याने प्रोसेसर घेऊन ॲम्प लांबणीवर टाकला तरी त्यात काही उणे नाही.

जुना ॲम्प घेणे हा किफायतीचा सर्वांत सरळ मार्ग, आणि त्याविषयी आपल्याकडे उगाच संकोच आहे. परीक्षा मात्र कसून करावी. ॲम्प चालू करून अर्धा तास तसाच तापू द्यावा, कारण सुटलेला सांधा गरम झाल्यावरच आपले रूप दाखवितो. मग प्रत्येक कळ शून्यापासून दहापर्यंत सावकाश फिरवावी. चरचर झाली तर ती बहुधा धुळीची असते आणि क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. लीड लावलेले छिद्र बोटाने हलवून पाहावे, तेथे आवाज तुटत असेल तर आतील डाख उखडलेला असतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत हे छिद्र गंजतेही. खालची तार मोठ्या आवाजात वाजवून तिच्याखाली फडफड येते काय हे ऐकावे आणि विजेरीच्या उजेडात कागदी शंकूवर चीर आहे काय हे पाहावे. अमेरिकेतील आप्ताने आणलेला ॲम्प असेल, तर पाठीमागचा व्होल्टेजचा मजकूर वाचल्यावाचून त्याची पिन भिंतीत घालू नये; तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची, आणि मधे योग्य ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो ॲम्प पहिल्याच मिनिटाला जळून जाईल.

या सर्वांहून महत्त्वाची बाब अर्थिंगची आहे. ॲम्प घरघरतो म्हणून तीन पिनांपैकी मोठी पिन काढून टाकण्याचा, किंवा दोन पिनांच्या बोर्डावर काम भागविण्याचा जो सर्रास प्रघात आहे, तो प्राणघातक आहे. गिटारच्या तारा लीडवाटे ॲम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटलेले असताना ॲम्पमध्ये किंवा माइकच्या यंत्रात बिघाड झाला, आणि वादकाचे हात तारांवर व ओठ माइकवर असले, तर वीज त्याच्या देहातून जाते. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधील स्वॉन्सी येथे रंगमंचावर श्रोत्यांदेखत मृत्यू पावला, तो अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. मांडवात रात्रीतून ओढलेल्या तारांवर आपली मुले वाजवितात, म्हणून ही गोष्ट येथे तपशिलाने लिहिली.

माझी खरी दरखास्त पालकांपेक्षा महाविद्यालयांकडे आणि मंडळांकडे आहे. प्रत्येक मुलाने रंगमंचाचा ॲम्प विकत घ्यावा आणि तो रिक्षात घालून मिरवावा, ही अपेक्षाच गैर आहे. क्रिकेटची जाळी किंवा कॅरमचे बोर्ड जिमखाना घेतो, तसा बारा इंची स्पीकरचा एक ॲम्पही जिमखान्याने घ्यावा, नोंदवहीत त्याची नोंद ठेवावी आणि सरावासाठी तो सही घेऊन द्यावा. अशा ॲम्पला आज तीस हजारांच्या आगेमागे खर्च येतो, आणि स्नेहसंमेलनाच्या नुसत्या रोषणाईवर त्याहून अधिक रक्कम कित्येक ठिकाणी एका रात्रीत खर्ची पडते. मंडळांनी साऊंडवाल्याशी करार करताना गिटारसाठी एक ॲम्प, त्यापुढे एक माइक आणि तपासून घेतलेले अर्थिंग, या तीन बाबी कागदावर लिहून घ्याव्यात. नव्या वर्षाची अंदाजपत्रके तयार होतील तेव्हा प्राचार्यांनी आणि मंडळांच्या चिटणीसांनी ही रक्कम त्यांत धरावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.