अम्मींचा विमा आणि जाऊबाईंची मशीन

डिसेंबरात आमच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्याच अम्मी, फजरच्या वुजूला जाताना न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय ७४, त्यात साखरेचा जुना आजार. ऑपरेशन झालं, अकराव्या दिवशी घरी आणलं. धाकट्या दिरांच्या कंपनीच्या ग्रुप विम्यात अम्मींचं नाव होतं, म्हणून दवाखान्याचं बहुतेक बिल त्यातून भागलं. शुक्र अदा केला.

खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. दिवसभरासाठी ठेवलेल्या मावशींना महिना १५,०००. भाड्याचा पलंग, डायपर, वॉकर. फिजिओथेरपीची पहिल्या ६० दिवसांतली बिलं मिळाली, पुढची नाहीत. दोन महिन्यांनी मावशी परवडेनात, तेव्हा धाकट्या जाऊबाईंनी शिलाई मशीनवर चादर टाकली आणि अम्मींचं सगळं हाती घेतलं. ईदच्या मोसमातसुद्धा एक ब्लाऊज शिवला नाही. या नुकसानीचं बिल कुठेच लागलं नाही.

मे महिन्यात दिरांनी ओळखीच्या एजंटला बोलावलं. अम्मींसाठी १० लाखांची स्वतंत्र पॉलिसी, हप्ता वर्षाला ४८,०००. "परत असं काही झालं तर टेन्शन नको, भाभी." सगळे माना डोलवत होते. जाऊबाई आत चहा टाकत होत्या.

विमा घ्यावा की नाही, यावर आपल्या घराघरांत मतभेद आहेत. तो सवाल आपापल्या आलिमांना विचारावा. मी मास्तरीण, मी फक्त हिशोब तपासते. एजंटना विचारलं, "घरी येणाऱ्या मावशींचे पैसे यात मिळतात का?" माणूस सरळ होता. त्यांनी पानं उलटून दाखवलं. काय मिळणार नाही त्या यादीत ०५ क्रमांकाचं कलम आहे, आणि ते आपल्याकडच्या सगळ्याच आरोग्य विम्यांत साधारण त्याच शब्दांत असतं. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, हिंडायला-फिरायला आधार देणं, ही देखभाल घरी असो वा संस्थेत, नर्सने करो वा साध्या बाईने, तिचा खर्च मिळत नाही. आमची अडचण नेमकी तीच होती. १० लाखांच्या जागी २० लाखांची पॉलिसी घेतली तरी ते कलम तिथेच राहतं.

काही देशांत या देखभालीचा विमाच वेगळा आहे. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानात २००० पासून तो कायद्यानेच आहे. अमेरिकेत लोक तो खाजगी कंपन्यांकडून घेतात. तिथे अंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं, पलंगावरून उठणं-बसणं आणि लघवी-शौचावरचा ताबा, अशी सहा कामं धरतात. यांतली दोन जमेनाशी झाली की बहुतेक पॉलिसींत माणूस पैशाला पात्र ठरतो. विकण्याआधी एक तक्ताही भरून घेतात. हप्ता उत्पन्नाच्या ७ टक्क्यांवर जात असेल तर तो कदाचित झेपणार नाही, असं त्यातच छापलेलं असतं. मला ही पद्धत आवडली. विकणाराच विचारतो, तुम्हाला हे परवडेल का?

तोच तक्ता मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. अम्मींची फॅमिली पेन्शन महिना २१,०००, वर्षाची २,५२,०००. तिचे ७ टक्के १७,६४०. हप्ता ४८,०००, म्हणजे १९ टक्के! शिवाय आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. साखरेमुळे होणाऱ्या दुखण्याचा पहिला रुपया मिळेपर्यंत आपले १,४४,००० गेलेले, आणि अम्मी ७७ च्या.

दवाखान्यासाठी दुसरी सोय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, तेही जुन्या आजारासाठी न थांबता. मियाँ-बीवी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. आधार कार्डावर काम होतं. मात्र योजनेतल्याच दवाखान्यात जावं लागतं, आणि घरच्या मावशींचे पैसे तेही देत नाही.

चाळिशीतल्या, अजून आजार न लागलेल्या माणसाचा हिशोब वेगळा निघेल. आम्हा दोघांची पॉलिसी मी चालू ठेवली आहे. आणि कुणी घाईत सही केलीच असेल, तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

दिरांना माझं बोलणं आधी रुचलं नाही. मग मी जाऊबाईंना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, महिन्याला शिलाईचे किती सुटायचे? त्या संकोचल्या, म्हणाल्या, "सहा हजार तरी." तीन महिन्यांचे १८,०००. एजंटनी चहाचा कप खाली ठेवला.

अम्मींचं कार्ड काढून झालं. हप्त्याचे ४८,००० म्हणजे महिना ४,०००, त्यात दोघे भाऊ आणखी ३,५०० घालतात, आणि मावशी आता सकाळचा अर्धा दिवस येतात. मशीन अम्मींच्या पलंगाशेजारी आणली आहे. सुईत दोरा ओवायचा अम्मींचा हट्ट असतो, दिसत नसलं तरी.