नाणे विकताना पैसे वाजवून घ्या

भिवंडीत यंत्रमागाचे कापड उधारीवर जाते. मध्ये ओळखीचा दलाल असतो आणि त्याच्या शब्दावर व्यवहार निभावतो. इंटरनेटवर आजोबांचे दुर्मिळ नाणे विकताना मात्र मध्ये कोणीच नसते. भामटे नेमकी हीच जागा हेरतात. ‘नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी कमिशन आणि कर भरा,’ असे रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगितले जाते. अशांपासून सावध राहा, असे खुद्द या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते.

माझ्या मते एकच सूत्र पक्के धरावे: विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. यूपीआयवर पैसे येताना पिन लागत नाही; कोणी पिन टाकायला सांगितला, की पैसे जाणार हे ओळखावे. ‘पैसे पाठवले’ असा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. धनादेशही न वटता परत येतो. म्हणून मोठी रक्कम आरटीजीएसने घ्यावी आणि आपल्या खात्यात ती जमा झालेली पाहूनच वस्तू द्यावी. एका व्यवहारात २ लाख वा अधिक रोख घेणे तर २०१७ पासून कायद्याने बंद आहे. फसगत झालीच, तर लाजेपोटी गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

पूर्वी पेढीवर नाणे वाजवून घेत. आता नाणे विकणाऱ्यानेच पैसे वाजवून घ्यायला हवेत.