औषधांचं व्याकरण

नर्सिंग शिकलेल्या मुलींना अमेरिकेत नोकरी करायची असेल तर 'एनक्लेक्स' ही परवाना परीक्षा द्यावी लागते. माझी भाची सध्या तिच्या तयारीत आहे. बाकी विषयांचं तिला भय नाही, भय आहे ते फार्मकॉलॉजीचं. शेकडो औषधं, त्यांची कामं, दुष्परिणाम, काय कशाबरोबर द्यायचं नाही. क्लासवाल्यांचा यावर एकच उपाय, याद्या! मुली त्या रामरक्षेसारख्या म्हणतात.

मी कलाशाखेचा माणूस. पण तिची वही चाळताना जाणवलं, अरे, हे तर आपले प्रत्यय! 'ओलोल'वर संपणारी मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल नाडी मंद करतात. 'प्रिल'वाली एनालाप्रिल, रामिप्रिल रक्तदाब उतरवतात. 'सार्टन' त्यांची चुलत भावंडं. व्याकरण म्हटलं की अपवाद आलेच. ओमेप्राझोल आम्लपित्तावरचं, आणि शेवट तसाच असलेलं अ‍ॅरिपिप्राझोल मात्र मनोविकारावरचं. नुसत्या शेपटीवर विसंबणारी मुलगी इथे हमखास फसणार.

पण प्रत्यय ओळखून भागत नाही, कारण माहीत हवं. 'प्रिल' घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो. का? ही औषधं जे एन्झाइम अडवतात, तेच शरीरातलं ब्रॅडिकायनिन मोडत असतं. ते मोडायचं थांबलं की साठतं आणि खोकला सुरू होतो. सार्टन त्या एन्झाइमच्या वाटेला जात नाहीत, म्हणून डॉक्टर मग ती देतात. एवढं कळलं, की 'कोरडा खोकला' वेगळा पाठ करावा लागत नाही. आणि ओठ-जीभ सुजली तर धावपळ का करायची, तेही ध्यानात येतं.

हे मी तिच्याकडूनच मराठीत वदवून घेतलं. इंग्रजीत तिला ते वाक्य तोंडपाठ होतं, मराठीत सांगताना दोनदा अडखळली. जिथे अडखळली तिथेच तिला कळलेलं नव्हतं. माझा मुद्दा हाच आहे. परीक्षा इंग्रजीत, म्हणून विचारही इंग्रजीतच करा, असं सगळीकडे सांगतात. मला ते पटत नाही. नावं इंग्रजीत राहू देत, कारण मात्र स्वतःच्या भाषेत सांगता आलं पाहिजे, मराठीत म्हणा, कोंकणीत म्हणा. एप्रिल २०२३ पासून त्या परीक्षेचं स्वरूपही बदललं आहे. ८५ ते १५० प्रश्न, जास्तीत जास्त पाच तास, आणि त्यात रुग्णाची हकिगत देऊन 'आता काय कराल' असं विचारतात. तिथे याद्या किती पुरणार?

वॉर्फरिनचंच घ्या. रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं, वॉर्फरिन त्याच्याच कामात आडवं येतं. म्हणून पालेभाजीचं प्रमाण एकाएकी वाढवू नये की घटवू नये. तिच्या पुस्तकात केल नावाची भाजी होती, जी तिने जन्मात पाहिलेली नाही. मी म्हटलं, तिथे तांबडी भाजी लिही. गोमेकॉत उद्या एखाद्या आजीला समजावताना केल सांगणार आहेस काय?

नावांचा घोळ आणखी वेगळा. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन. औषध ओळखीचं, पण मुली नाव बघून घाबरतात. एवढी मात्र यादी करावी, तिला इलाज नाही.

गंमत म्हणजे औषधांवरचं एक जुनं, नावाजलेलं पुस्तक आमच्या गोव्यातच छापलं गेलं, १५६३ साली. गार्सिया द ओर्ताचं. पणजीतल्या बागेला नाव आहे तोच हा वैद्य. अख्खं पुस्तक संवादात आहे, एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. नर्सिंगच्या वर्गात रोज दहा मिनिटं जरी असं चाललं, एकीने 'का गं?' विचारायचं आणि दुसरीने आपल्या भाषेत सांगायचं, तर त्याला ना सरकारी मंजुरी लागेल ना वेगळं अनुदान. फाइल काढायचीसुद्धा गरज नाही, हे मी कारकून म्हणून सांगतो.