जिंकतेस, मग थांबतेस का?

आमच्या घरी टेनिस बघतात ते आमचे हे. मी आपली भाजी निवडता निवडता अधूनमधून मान वर करणारी. मार्च २०२४मध्ये अमेरिकेतल्या मायामी ओपनची स्पर्धा चालू होती, तेव्हा हे एकदम म्हणाले, "बघ, वेडी आहे का ही? एवढी सुंदर खेळतेय आणि म्हणे या वर्षी खेळ सोडणार!" मी चष्मा लावून पाहिलं. उंचीपुरी, सोनेरी केसांची, प्रत्येक गुणानंतर मूठ आवळून ओरडणारी मुलगी होती. डॅनिएल कॉलिन्स तिचं नाव. मैत्रिणींनो, यांना पडलेला प्रश्न त्या दिवसांत तिकडचे पत्रकारही तिला सारखा विचारत होते, हे मला नंतर वाचताना कळलं. जिंकते आहेस, मग थांबतेस का?

दोनच महिन्यांपूर्वी, जानेवारीत, ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्या फेरीत तेव्हाच्या पहिल्या क्रमांकाच्या इगा स्विआटेकशी तिचा सामना झाला होता. शेवटच्या सेटमध्ये ४-१ असं पुढे असताना हरली बिचारी. त्यानंतर पत्रकारांसमोर तिने शांतपणे सांगून टाकलं, की हे माझं शेवटचं वर्ष. तेव्हा फार कुणी हळहळलं असेल असं वाटत नाही. तिशी गाठलेली, क्रमवारीत पन्नाशीच्या आसपास उतरलेली खेळाडू थांबते म्हणाली तर ते जगाला पटतं. पण मायामीत गाडं फिरलं. ५३व्या क्रमांकाच्या या बाईने अंतिम सामन्यात एलेना रायबाकिनाला ७-५, ६-३ असं हरवून स्पर्धा जिंकली. इतक्या खालच्या क्रमांकावरून तिथे आधी कुणी जिंकलंच नव्हतं. बक्षीस होतं ११ लाख डॉलर. पुढच्याच आठवड्यात चार्ल्सटनची स्पर्धा जिंकली. सलग १५ सामने ती हरली नाही, शेवटी माद्रिदमध्ये आर्यना सबालेंकाने तिला रोखलं.

मग काय, प्रश्नांना ऊत आला. आता तरी निर्णय बदलणार का? आणि या बाईला प्रत्येक वेळी माइकसमोर बसून तेच उत्तर द्यावं लागलं. मला एंडोमेट्रिऑसिस नावाचा आजार आहे, त्याचा मूल होण्यावर परिणाम होतो, मला मूल हवं आहे, आणि हा माझा खाजगी विषय आहे. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तरी पुन्हा तेच. शेवटी शेवटी तिच्या बोलण्यात वैताग दिसायला लागला. मला तर आपल्या हळदीकुंकवाची आठवण झाली. लग्नाला तीन वर्षं झालेली सून दिसली की वाण हातात देता देता "काय गं, काही गोड बातमी?" विचारणाऱ्या काकू आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तिकडे काकूंच्या हातात माइक होते, एवढाच काय तो फरक!

ही डॅनिएल कोण, ते थोडं सांगते, कारण ती श्रीमंताघरची लाडावलेली मुलगी नव्हे. १९९३ साली फ्लोरिडा राज्यातल्या सेंट पीटर्सबर्ग गावी तिचा जन्म झाला. वडील लोकांच्या बागांची, हिरवळीची निगा राखण्याचं काम करायचे, आई बालवाडीत शिकवायची. टेनिस हा महागडा खेळ. महागड्या अकादमीत राहून शिकणं परवडणारं नव्हतं, म्हणून ही सार्वजनिक बागेतल्या कोर्टवर, वयाने कितीतरी मोठ्या माणसांशी खेळत शिकली. ज्या वयात टेनिसमधल्या मुली शाळा सोडून जगभर फिरतात, त्या वयात ही कॉलेजात गेली. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २०१४ आणि २०१६ साली, दोनदा, तिने अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांची एकेरीची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. पदवी हातात घेतली आणि मगच पूर्ण वेळ खेळायला उतरली. तेव्हा बावीस वर्षांची होती. टेनिसच्या हिशेबात उशीरच. २०१८मध्ये मायामीतच पात्रता फेरीतून वर येत तिने व्हीनस विल्यम्सला हरवलं, तेव्हा कुठे लोकांनी तिचं नाव लक्षात ठेवलं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी गाठली.

त्याच वर्षी, २०१९मध्ये, तिला आमवात असल्याचं निदान झालं. सांधे सुजवणारा, आयुष्यभर सोबत करणारा आजार. हातात रॅकेट धरून पोट भरणाऱ्या मुलीला! पण तिचं खरं दुखणं त्याहून जुनं होतं. पाळीच्या दिवसांत पोट, कंबर, पाठ असह्य दुखायची. डॉक्टरांकडे गेली की सांगायचे, पाळीत दुखणं नॉर्मल आहे. वेदनाशामक गोळ्या घ्यायची आणि खेळायची. असं वर्षानुवर्षं चाललं. अखेर २०२१च्या वसंतात शस्त्रक्रिया झाली. त्यात तिच्या अंडाशयावरून जी गाठ काढली, ती टेनिसच्या चेंडूएवढी होती.

एंडोमेट्रिऑसिस हे नाव आपल्याला जड वाटतं, पण आजार अनोळखी नाही. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. अंडाशयावर, गर्भनलिकांवर, कधी आतड्यावर, मूत्राशयावर. पाळीच्या चक्राबरोबर त्याही सुजतात, त्यांच्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आत सूज, गाठी, चिकटलेले अवयव. वेदना तर असतेच, शिवाय काही जणींना दिवस राहायला अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायका-मुलींना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना हा आजार आहे. साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही, म्हणून निदानाला कित्येक वर्षं जातात. कायमचा बरा करणारा उपाय अजून नाही. गोळ्या, हार्मोन्स, गरज पडली तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, एवढंच.

हे वाचताना मी मध्येच पेपर खाली ठेवला. माझ्या नणंदेची मुलगी दहावीला आमच्याकडे राहायला होती. दर महिन्याला दोन-तीन दिवस पोटाशी पाय घेऊन पडून राहायची, ओकाऱ्या काढायची, शाळा बुडायची. मी ओव्याचा काढा द्यायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि वर सांगायची, "अगं, बाईच्या जातीला हे चालायचंच. आम्हालाही दुखायचं. लग्न झालं, एक बाळंतपण झालं की सगळं थांबतं बघ." गेली पंधरा वर्षं मी बचतगटांत आणि आरोग्य शिबिरांत बायकांना रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन बघा म्हणून सांगत हिंडते. आणि घरातल्या पोरीला हे सांगत होते. बाळंतपणाने हा आजार बरा होत नाही. काही जणींना तेवढ्यापुरता आराम पडतो, काहींना तोही नाही. माझ्या आईने मला सांगितलं तेच मी पुढे ढकललं होतं.

असो. डॅनिएलकडे वळते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच ती फ्रेंच ओपनला उतरली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. तिथे सेरेना विल्यम्सने तिला हरवलं. त्याच उन्हाळ्यात पालेर्मो आणि सॅन होजे अशा लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या, त्या तिच्या कारकिर्दीतल्या पहिल्या मोठ्या जेतेपदांच्या. जानेवारी २०२२मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. अॅश्ले बार्टीविरुद्ध दुसऱ्या सेटमध्ये ५-१ पुढे होती, तरी हरली. पण त्या वर्षी जुलैत जगात सातव्या क्रमांकापर्यंत गेली. मला इथे राहून राहून वाटतं, दुखण्याचं नाव वेळेवर कळलं असतं, तर विशीतली ती वर्षं कशी गेली असती? तिची जेतेपदं मोजणारे पुष्कळ आहेत, तिचे वाया गेलेले महिने कोण मोजणार?

आता "थांबतेस का" या प्रश्नामागचा हिशेब बघू. टेनिसची क्रमवारी म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांची बेरीज. मागच्या वर्षी या आठवड्यात मिळवलेले गुण यंदा गळून पडतात. खेळलात तर नवे मिळतात, घरी बसलात तर घसरण. क्रमवारी घसरली की मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणजे पैसाही नाही. पगार नाही, रजा नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. पुरुष खेळाडूंनाही हाच नियम आहे. पण बाप झाल्यावर पुरुष पुढच्या आठवड्यात खेळायला जाऊ शकतो. आमचे हे म्हणाले, "नियम तर सगळ्यांना सारखाच." मी म्हटलं, "हो, आणि नऊ महिने कुणाचे?" त्यावर ते पुन्हा टीव्हीकडे वळले.

याचा फटका सेरेनासारख्या सेरेनालाही बसला. २०१७ची ऑस्ट्रेलियन ओपन तिने पोटात बाळ असताना जिंकली. पण बाळंतपणानंतर २०१८च्या फ्रेंच ओपनला परतली तेव्हा क्रमवारी पार कोसळलेली, तिला मानांकनसुद्धा नव्हतं. त्यावर गदारोळ झाला आणि २०१९च्या मोसमापासून बाळंतिणींना जुनी क्रमवारी वापरण्यासाठी तीन वर्षांपर्यंतची मुदत मिळाली. आपली सानिया मिर्झा ऑक्टोबर २०१८मध्ये आई झाली आणि जानेवारी २०२०मध्ये परतताच होबार्टला दुहेरीची स्पर्धा जिंकली, ते आपण कौतुकाने वाचलंच होतं. पण या साऱ्या सवलती मूल झालेल्यांसाठी. मूल होण्यासाठी धडपडणारीचं काय? जिला दवाखान्याच्या फेऱ्या, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया यांतच वर्ष घालवावं लागणार, तिच्यासाठी कुठलाच नियम नव्हता. डॅनिएल नेमकी त्या फटीत उभी होती. म्हणून तिने 'थांबते' म्हटलं.

आणि मग ऑक्टोबर २०२४मध्ये तिने सांगितलं, की मी २०२५मध्येही खेळणार आहे. उपचारांचा रस्ता वाटला होता त्यापेक्षा लांबचा निघाला होता. मधल्या काळात पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत दुखापतीमुळे सामना अर्धवट सोडावा लागला, अमेरिकन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरली. निवृत्ती जाहीर करून परत फिरणारे पुरुष खेळाडू थोडे आहेत का? त्यांच्याबद्दल आपण म्हणतो, रक्तातच खेळ आहे हो! इथे मात्र परत फिरण्याचं कारण ऐकून मला गलबलून आलं. बाळासाठी थांबायचं ठरवलं, बाळाची वेळ लांबली, तोवर निदान काम तरी हातात असू दे, इतकं साधं आहे ते.

पण म्हणून ती कुणी सोशिक माउली आहे असं समजू नका! जानेवारी २०२५मध्ये मेलबर्नला यजमान देशाच्या खेळाडूशी सामना होता. प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. हिने जिंकल्यावर त्यांच्याकडे चुंबनं फेकली आणि नंतर सांगितलं, तुम्ही तिकिटं काढता त्यातूनच माझा पगार होतो, झकास सहलीला जाणार आहे. माझ्या सासूबाईंनी ऐकलं असतं तर 'आगाऊ' म्हणाल्या असत्या. मला मजा वाटली. त्या मे महिन्यात रोममध्ये तिने स्विआटेकला ६-१, ७-५ असं हरवलं.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. मार्च २०२५मध्ये महिला टेनिस संघटनेने खेळाडूंसाठी १२ महिन्यांपर्यंतची भरपगारी प्रसूती रजा जाहीर केली, वंध्यत्वावरच्या उपचारांना आणि बीजांडं गोठवून ठेवायला आर्थिक मदतही. तीनशेहून अधिक खेळाडू त्याला पात्र आहेत. जूनमध्ये आणखी एक नियम आला. क्रमवारीत पहिल्या ७५०मध्ये असलेली खेळाडू बीजांडं किंवा भ्रूण गोठवण्याच्या प्रक्रियेसाठी बाहेर राहिली, तर परतल्यावर तिला तीन स्पर्धांपर्यंत विशेष क्रमवारीवर प्रवेश मिळेल. प्रसूती रजेचा पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी निधीतून येतो. ज्या देशात बायकांना गाडी चालवायची परवानगी २०१८ साली मिळाली, त्याने बायकांच्या रजेला पैसे द्यावेत हे मला जरा खटकतं. पण क्रमवारीत तीनशेव्या नंबरवर असलेल्या, जेमतेम विमानाचं तिकीट परवडणाऱ्या मुलीला तो चेक कुठून आला हे विचारण्याची चैन परवडत नसणार. तीन स्पर्धांची सवलतही मला तुटपुंजीच वाटते. उपचार पहिल्या फटक्यात यशस्वी होतातच असं थोडंच आहे? तरी एक झालं, की 'मला मूल हवंय, वेळ द्या' हे कारण नियमांच्या पुस्तकात लिहिलं गेलं. डॅनिएलला ते प्रत्येक पत्रकार परिषदेत तोंडाने सांगावं लागलं होतं.

माझी भाची आता एका पतसंस्थेत काम करते. परवा फोनवर तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामी, अजून दुखतं. साहेबांना दर महिन्याला काय सांगू म्हणून पित्ताचं नाव सांगते." येत्या गुरुवारी तिला घेऊन जिल्ह्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं ठरलंय. कोणत्या तारखेला दुखलं, किती दिवस, कुठे, गोळीने थांबलं की नाही, हे तिला एका वहीत लिहून आणायला सांगितलंय. नणंदबाई म्हणत होत्या, आता स्थळं बघायला सुरुवात करतोय, हे कशाला काढलंस? त्यांची समजूत मी गुरुवारनंतर घालणार आहे.