वधूची केशरचना

तुळशीचें लग्न झालें कीं घरोघर याद्या सुरू होतात. शालू कोणता, दागिने कोणते, यांचा काथ्याकूट महिनाभर चालतो. वधूच्या केसांचा विचार मात्र बहुधा आदल्या रात्रीं होतो, आणि तोही वधू सोडून इतर सर्वांकडून. मावशीला खोपा हवा असतो, आत्याबाईंना भरगच्च वेणी, आणि पार्लरवाल्या बाईंजवळ एखाद्या सिनेनटीचें चित्र तयारच असतें. हा क्रम आमच्या भगिनींनीं उलटा करावा, असें आम्हांस सुचवावयाचें आहे.

त्या दिवशीं वधूच्या मस्तकाला काय काय सोसावें लागतें हें प्रथम ध्यानांत घ्यावें. सकाळीं हळद व मंगलस्नान, मग गौरीहरापुढें बैठक, मग अंतरपाट आणि अक्षतांचा वर्षाव. पुढें कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी. मुंडावळ्यांच्या सरी दोन्ही गालांवरून खालीं येतात. तेथेंच हौसेनें कुरळ्या बटा सोडल्या असतील तर बटा आणि मोती एकमेकांत गुंतून बसतात. मंगळसूत्र बांधतांना वराला मानेमागें जागा हवी. तेथें गजऱ्यांचा जुडगा लोंबत असला म्हणजे करवलीनें तो उचलून धरावयाचा आणि भटजींनीं तोंवर थांबून राहावयाचें, असा प्रकार होतो. होमाजवळ मोकळे केस तर नकोतच. त्यांतून केस ताठ बसावे म्हणून हल्लीं जो फवारा मारतात त्यांत ज्वालाग्राही द्रव्यें असतात. विस्तवाशेजारीं तो मुळींच मारूं नये.

म्हणून मानेच्या किंचित् वर बांधलेला साधा अंबाडा आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. यांत जुन्याचा अभिमान नाहीं. तो सुटत नाहीं, शेल्यांत अडकत नाहीं, आणि अष्टपुत्री सोडून शालू नेसतांना पुन्हा घालावा लागत नाहीं, एवढेंच. चेहऱ्याप्रमाणें त्यांत फेरफार करतां येतो. वाटोळ्या चेहऱ्याच्या मुलीनें टाळूवरचे केस थोडे उचलून घ्यावे व कानांवर फुगे आणूं नयेत. लांबट चेहऱ्याला वर उंची नको. कानांची कड झांकेल इतके केस बाजूंना सैल ठेवावे. मान आंखूड असेल तर अंबाडा वर घ्यावा. भांग बाजूला काढण्यास आमची हरकत नाहीं. पण बिंदी लावावयाची असल्यास ती मधल्या भांगावरच नीट बसते.

आजीच्या पेटींतील मूद, राखडी, केवडा, अग्रफूल सारींच एकदम बाहेर काढूं नयेत. एखादें अग्रफूल आणि भोंवतीं एक गजरा पुरे. मार्गशीर्षांत शेवंती मिळते, वैशाखांत मोगरा. ऋतूचें फूल ताजें राहतें आणि स्वस्तही पडतें.

आतां ज्यांचे केस लांब नाहींत त्या मुलींविषयीं. एका लग्नांत आमच्या पाहण्यांत आलें तें सांगतों. वधूला तीन महिन्यांपूर्वीं विषमज्वर येऊन गेला होता व केस फार गळले होते. अशा दुखण्यानंतर दोन-तीन महिन्यांनीं केस गळतात आणि पुढें बहुधा पुन्हा येतात. परंतु वडील मंडळींस तेवढा धीर नव्हता. "लोक काय म्हणतील?" म्हणून त्या विरळ केसांना गुडघ्यापर्यंत पोंचेल असें गंगावन जोडलें, आणि त्यावर सोन्याचीं फुलें. सप्तपदीच्या वेळीं मुलीच्या डोळ्यांत पाणी होतें. बायका म्हणाल्या, माहेर सुटतें आहे! ती पाटावरून उठतांना मान सरळ करूं शकत नव्हती, हें तिच्या काकूंच्या तेवढें लक्षांत आलें.

गंगावनांत गैर कांहीं नाहीं. मुलीला हौस असेल तर तिनें अवश्य लावावें. पण केस तोकडे आहेत ही लपविण्याची गोष्ट आहे असें लग्नाच्याच दिवशीं तिच्या मनावर कां बिंबवावें? खांद्यापर्यंतचे केस मागें नीट वळवून त्यांवर दाट गजरा माळला तर तीही वधूच दिसते. "आमच्या वेळीं वेण्या गुडघ्यापर्यंत होत्या" हें वाक्य निदान त्या दिवशीं कोणी उच्चारूं नये.

जें ठरेल तें पंधरा दिवस आधीं एकदां घालून पाहावें. मुंडावळ्या बांधून तासभर पाटावर बसावें, नमस्काराला वांकून पाहावें. कानशिलें दुखूं लागलीं तर तिथल्या तिथें सैल करावयास सांगावें. पार्लरवाल्या बाई रागावल्या तरी चालेल. ताणून बांधलेल्या केसांनीं डोकें दुखतें, आणि असा ताण वरचेवर बसल्यास कपाळावरची केसांची रेषाच मागें हटते.

न्हाणें आदल्या दिवशीं उरकावें, कारण ताज्या न्हालेल्या केसांत पिना ठरत नाहींत. मंगलस्नानाला केसांच्या टोकांस पाणी लावलें तरी शास्त्र सांभाळलें जातें, असें आमच्या घरच्या वडील बायका मानीत. रात्रीं केस सोडण्याचें काम दमलेल्या वधूवर टाकूं नये. बहिणीनें वा वहिनीनें जवळ बसून पिना मोजून काढाव्या, ताठ झालेल्या केसांना आधीं तेलाचा हात लावावा, आणि मग टोकांकडून वर अशी फणी फिरवावी.